क्ष-किरणतज्ज्ञाची नजर आणि मोडलेली शहरे

शाळेच्या चित्रकला स्पर्धेत 'प्रदूषण' हा विषय दिला की निम्म्या कागदांवर काळा धूर, वाळलेले झाड आणि रडणारी पृथ्वी येते. मुलांनी रडणारी पृथ्वी पाहिलेली नसते, तिचे चित्र पाहिलेले असते. सुधीर पटवर्धन यांचे 'सिटीज : बिल्ट, ब्रोकन' हे एकल प्रदर्शन २०२५ मध्ये मुंबईच्या जहांगीर कलादालनात भरले होते. छत्रपती संभाजीनगरहून रात्रीच्या गाडीने जाऊन आम्ही ते पाहिले, तेव्हा हा फरक वारंवार आठवत राहिला. उभी राहणारी शहरे आणि उद्ध्वस्त होणारी शहरे असा या प्रदर्शनाचा विषय होता.

पटवर्धन यांचा जन्म १९४९ साली पुण्यात झाला. तेथील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून ते १९७२ मध्ये डॉक्टर झाले आणि १९७५ ते २००५ अशी तीस वर्षे त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले. ही माहिती त्यांची चित्रे पाहताना उपयोगी पडते. क्ष-किरणांची फिल्म म्हणजे सावल्यांची नोंद. हाडातील कॅल्शियम हे किरण जास्त शोषते, म्हणून हाड पांढरे दिसते. स्नायू कमी शोषतात, फुप्फुसातील हवा त्याहून कमी. पण छातीच्या पुढची आणि मागची बरगडी फिल्मवर एकमेकींवर पडतात. एखादा डाग नेमका किती खोलवर आहे हे एका फिल्मवरून सांगणे अवघड असते. म्हणून डॉक्टर समोरून एक आणि बाजूने एक अशा दोन फिल्म काढायला सांगतात.

पटवर्धन शहराकडे काहीसे असेच पाहतात. गिरणगाव बदलत असताना त्यांनी 'लोअर परळ' (२००१) रंगवले. अशा चित्रांत एका जागी उभे राहून एका नजरेत मावणार नाही इतके शहर एकाच चौकटीत बसवलेले असते. जुने आणि नवे एकावर एक चढलेले असते आणि त्यातून रोजची माणसे वाट काढत असतात. या प्रदर्शनातील बांधकामाच्या, पुलांच्या, गर्दीच्या चित्रांतही तीच ताकद आहे. कोणी राक्षस नाही, प्रलय नाही. तरीही माणसाला उभे राहायला जागा उरणार नाही अशी धास्ती वाटते. ती खरी वाटते, कारण तिची कारणे चित्रातच मांडलेली आहेत.

युद्धाने मोडलेल्या शहरांबाबत मात्र आमचे समाधान झाले नाही. ही शहरे चित्रकाराने ठाण्यासारखी पायी फिरून पाहिलेली नाहीत. आपल्याप्रमाणेच त्यांच्यापर्यंतही ती बातम्यांतून पोचली असणार. तिथे दुसऱ्या बाजूची फिल्म मिळत नाही. त्यामुळे ढिगारा दिसतो, पण तो कोणत्या गल्लीचा, तिथे काल कोण राहत होते, हे हाती लागत नाही.

यावर पटवर्धन यांनी एक प्रामाणिक उपाय योजला आहे. 'वॉर झोन स्टुडिओ' या चित्रात चित्रकाराची खोली आणि रणभूमी एकत्र येतात. आपण कुठून पाहतो आहोत हे चित्रकार सांगून टाकतो. प्रयोगवहीत निरीक्षणाबरोबर उपकरण आणि अंतर लिहायला आपण मुलांना शिकवतो, तेच हे. म्हणून मोडलेल्या शहरांच्या चित्रांत आम्हाला हेच सर्वांत विश्वासार्ह वाटले.

अशा चित्रांना 'डिस्टोपिया', म्हणजे आदर्श जगाच्या उलट टोकाचे जग, असे नाव देऊन मोकळे होता येते. आम्हाला ते पुरेसे वाटत नाही. मुलांना भविष्याची भीती दाखवायला आता कोणाची गरज उरलेली नाही. ती त्यांना घरबसल्या मिळते. कमतरता आहे ती स्वतः पाहण्याच्या सवयीची.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. पुढच्या वेळी 'प्रदूषण' असा विषय देऊ नका. मुलांना जालना रोडवर, क्रांती चौकात न्या. पुलाखालचा रस्ता एकदा खालून आणि एकदा शेजारच्या गच्चीवरून काढायला सांगा. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारा : यात काय मोडते आहे, आणि ते तुम्हाला कशावरून कळले?