'महात्म्याची अखेर': एका शीर्षकाचे रसग्रहण

३० जानेवारीला काय म्हणावे, हे दिनदर्शिकेने ठरवून टाकले आहे: हुतात्मा दिन, महात्मा गांधी पुण्यतिथी. सकाळी अकराला दोन मिनिटे स्तब्ध उभे राहायचे, की झाले. आमच्या जबलपुरात, कांचघरच्या चौकात, हाच 'शहीद दिवस' होतो आणि भगतसिंगांच्या २३ मार्चशी त्याची हमखास गल्लत होते.

'पुण्यतिथी' मला इथे फार सौम्य वाटते. अंथरुणावर, नातवंडांच्या हातून गंगाजळ घेऊन गेलेल्या आजोबांचीही पुण्यतिथीच असते. १९४८ साली बिर्ला भवनात, संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास, प्रार्थनेला निघालेल्या ७८ वर्षांच्या माणसावर नथुराम गोडसेने तीन गोळ्या झाडल्या, याचा मागमूसही त्या शब्दात नाही. (शिवाय तिथी कसली, आपण पाळतो ती तारीख.) 'हुतात्मा' भारदस्त खरा, पण तोही मरणाऱ्याकडेच बघतो, मारणाऱ्याकडे नाही. हा शब्द मराठीत रुजवण्याचे श्रेय सावरकरांना दिले जाते. गांधीहत्येच्या खटल्यात ते आरोपी होते आणि पुराव्याअभावी सुटले. शब्दांचे नशीब असे कुठून कुठे जाते!

'वध' हा शब्द तर सरळ बाजू घेतो. कंसाचा वध, कीचकाचा वध, अफझलखानाचा वध. वध झाला म्हटले की मेलेला दुष्टच असायचा. नथुरामचे भाऊ गोपाळ गोडसे यांच्या मराठी पुस्तकाचे नाव 'गांधीहत्या आणि मी' असे आहे. हिंदीत मात्र ते 'गांधी वध और मैं' झाले. एका शब्दाच्या बदलाने खुनाचे पुण्यकर्म होते.

म्हणून जगन फडणीस यांनी या हत्येवरच्या आपल्या पुस्तकाला दिलेले नाव मला पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटते: 'महात्म्याची अखेर'. दोनच शब्द, क्रियापद नाही. पहिला संस्कृत, पूजेतला. दुसरा फारसीच्या वाटेने आलेला, कचेरीतला आणि दुकानातला. 'मार्चअखेर' म्हटले की खतावणी उघडून बसलेला कारकून दिसतो. 'अंत' म्हटले असते तर शोकांतिकेचा पडदा पडला असता, 'निर्वाण' म्हटले असते तर माणूस परस्पर स्वर्गात गेला असता. 'अखेर' रडत नाही. ती हिशेब मागते.

याच शब्दाचा दुसरा अर्थ, 'शेवटी एकदाचे', इथे मागच्या दाराने आत येतो आणि अंगावर काटा आणतो. २५ जून १९३४ रोजी पुण्यात गांधीजींवर बाँब टाकला गेला होता. २० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला भवनातच, हत्येच्या कटातल्या मदनलाल पाहवाने स्फोट घडवला. मधले दहा दिवस पोलिसांच्या हाती असूनही बाकीचे कटवाले मोकळे राहिले. आधीच्या प्रयत्नांची ही सगळी रांग त्या तीन अक्षरांमागे उभी असते: टळले, टळले आणि अखेर झाले. शीर्षककाराने हे मुद्दाम योजले की नाही, याला माझ्या लेखी महत्त्व नाही. भाषेने ते केले आहे.

एक उणीव मात्र राहतेच. 'अखेर' कोणी केली, हे मुखपृष्ठ सांगत नाही. ते आतल्या पानांवर सोपवलेले आहे. पुस्तकाला हे चालते, त्याला पाने असतात. सभेतल्या एका वाक्याला ती सोय नसते. तिथे मराठीचे आपोआपपण घात करते: 'गोळी लागली', 'गांधीजी गेले', 'दुर्दैवी घटना घडली'. लागली, गेले, घडली. ठेच लागावी, पाहुणे जावेत, तसे.

जबलपूरला तिलवारा घाटावर गांधी स्मारक आहे. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थी इथे नर्मदेत विसर्जित झाल्या. येत्या ३० जानेवारीला तिथे किंवा आपापल्या मंडळात जी मराठी मंडळी दोन शब्द बोलायला उभी राहतील, त्यांना एवढीच विनंती, की पहिले वाक्य कर्त्यासकट म्हणा: आजच्या दिवशी नथुराम गोडसेने गांधीजींची हत्या केली. हार त्यानंतर घाला.