आवृत्तीचा आकडा : सोय कोणती आणि ढिलाई कोणती?

संगणकाची मोठी आज्ञावली शेकडो फाइलींमध्ये विभागलेली असते. या फाइलींचे यंत्राला चालवता येईल अशा रूपात भाषांतर करायचे, चाचण्या घ्यायच्या आणि सारे एकत्र बांधायचे, ही कामे ठरलेल्या क्रमाने करून घेणाऱ्या साधनाला ‘बिल्ड टूल’ म्हणतात. जावा भाषेत काम करणाऱ्यांमध्ये मेव्हन व ग्रेडल ही दोन साधने विशेष प्रचलित आहेत. दोन्हींमध्ये बरीचशी प्रत्यक्ष कामे ‘प्लगइन’ नावाचे जोडभाग करतात. या जोडभागांच्या नव्या आवृत्त्या सतत निघतात. त्यांतली कोणती वापरायची, हे सांगणे सोपे करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचे मूल्यमापन येथे करायचे आहे.

मेव्हनची २.० ही आवृत्ती २००५ साली आली. तीत जोडभागाचा आवृत्ती-क्रमांक लिहिलाच नाही, तर उपलब्ध असलेली सर्वांत नवी आवृत्ती आपोआप आणली जाई. लिहिणाऱ्याचे श्रम वाचले खरे. पण सोमवारी बिनतक्रार बांधली गेलेली आज्ञावली, तिच्यात एका अक्षराचाही बदल न होता, मंगळवारी अडू शकत असे. प्रयोगशाळेत बाटलीवरची तीव्रता न वाचताच द्रावण वापरावे आणि कालचे उत्तर आज का येत नाही म्हणून शोधत बसावे, तसाच हा प्रकार. २००८ सालच्या २.०.९ मध्ये नेहमीच्या जोडभागांचे क्रमांक मेव्हननेच पक्के केले. २०१० सालची ३.० आवृत्ती तर क्रमांक गाळल्यास इशारा देऊ लागली. आमच्या मते ही सुधारणा म्हणजे चुकीच्या सोयीची दिलेली कबुली होय.

ग्रेडलने निराळी वाट धरली. २०१४ सालच्या २.१ पासून जोडभागाचे नाव व क्रमांक एकाच ओळीत लिहिता येऊ लागले. परंतु एका प्रकल्पाचे वीस उपप्रकल्प असतील, तर तोच क्रमांक वीस ठिकाणी लिहावा लागे, आणि बदलताना एखादे ठिकाण हमखास राहून जाई. २०१९ सालच्या ५.६ मध्ये हे क्रमांक संपूर्ण प्रकल्पाच्या ‘सेटिंग्ज’ फाइलीत एकदाच लिहिण्याची सोय झाली. पुढे ‘व्हर्जन कॅटलॉग’ म्हणजे आवृत्त्यांची सूची आली आणि २०२२ सालच्या ७.४ मध्ये ती स्थिरावली. सूचीतली एक ओळ बदलली की सर्व उपप्रकल्प बदलतात. शिवाय कोणी, केव्हा आणि काय बदलले, हेही चटकन दिसते. क्रमांक गाळला नाही, फक्त त्याची पुनरुक्ती टाळली. ही सोय आम्हाला खरी वाटते.

तरीही दोन उणिवा राहतात. पहिली अशी, की मध्यवर्ती क्रमांकाची सक्ती नाही. सेटिंग्जमधला क्रमांक केवळ ‘अन्यथा हा घ्या’ या अर्थाचा असतो. उपप्रकल्पात वेगळा क्रमांक लिहिणाऱ्याला मोकळीक राहते. जुन्या-नव्या पद्धती शेजारी शेजारी नांदत असल्याने नवशिक्याला खरा क्रमांक कोठे पाहावा, हे उमगत नाही. दुसरी उणीव अधिक मूलभूत आहे. क्रमांक हे केवळ लेबल आहे. आलेली फाइल नेमकी तीच आहे ना, हे तिच्या मजकुरावरून काढलेल्या ठशाशी ताडून पाहावे लागते. २०२० सालच्या ६.२ पासून ग्रेडलमध्ये ही तपासणी उपलब्ध आहे. पण ती वापरणाऱ्याने मुद्दाम सुरू करावी लागते. क्रमांक लिहिणे जितके सोपे केले, तितकेच ही पडताळणी करणेही सोपे व्हायला हवे होते.

संशोधनातील अनेक निष्कर्ष आज आज्ञावलींच्या आधारे काढले जातात. पाच वर्षांनी तीच आज्ञावली पुन्हा बांधता आली नाही, तर त्या निष्कर्षाची पडताळणी अडते. म्हणून शाळेच्या प्रकल्पवहीत विद्यार्थी उपकरणांची नावे लिहितात, त्याच रकान्यात वापरलेल्या सॉफ्टवेअरचा आवृत्ती-क्रमांकही लिहायला शिक्षकांनी सांगावे. त्याला एक ओळ पुरते.