ठासणीच्या रायफलीचे संच : नवशिक्यानें कोणता पत्करावा?

अमेरिकेंत जुन्या धर्तीची ठासणीची रायफल घरीं बसून तयार करण्याचा नाद पुष्कळांस आहे. नळी, चाप, कुंदा व पितळी सामान अर्धवट घडवून एका पेटींत विकतात. घेणाऱ्यानें तें कानशीनें व पटाशीनें जुळवून बंदूक उभी करावयाची. करमणूक म्हणून कोणी हे संच घेतल्यास आम्हांस कांहीं म्हणावयाचें नाहीं. परंतु 'आम्ही अठराव्या शतकांतील बंदूक केली' असें जो म्हणतो त्याचा दावा इतिहासाच्या प्रांतांत येतो, व तेथें तो तपासलाच पाहिजे.

मूळ वस्तु कोणती हें आधीं पाहूं. पेनसिल्वेनियांत, विशेषतः लँकेस्टरच्या आसपास, जर्मन कारागिरांनीं आपल्या देशची आंखूड व जाड शिकारी रायफल अठराव्या शतकांत लांबवीत नेली. तीच पुढें 'केंटकी रायफल' या नांवानें गाजली. (घडण पेनसिल्वेनियाची आणि नांव केंटकीचें!) तिची अष्टकोनी नळी साडेतीन फूट व कित्येकदां त्याहूनही लांब, आंत पेंचदार आटे, मेपल लांकडाचा कुंदा खांद्यापासून नळीच्या तोंडापर्यंत अखंड. त्यांतही बारकावा असा कीं, जुन्या नळ्या बहुधा एकसारख्या जाडीच्या नसत. बुडाशीं जाड, पुढें निमुळत्या व तोंडाशीं पुनः किंचित् फुगीर अशी त्यांची ठेवण असे. त्यामुळें येवढी लांब असूनही बंदूक हातांत तोललेली राहते.

ट्रॅडिशन्स कंपनीचा केंटकी रायफलीचा संच स्वस्त, म्हणून नवशिके त्याच्याकडे धांवतात. त्याची नळी एकजाड व मूळ नळीहून आंखूड आहे. कुंदा दोन तुकड्यांचा असून मध्यें पितळी पट्टीनें सांधलेला आहे. हा सांधा अस्सल बंदुकींत नाहीं, आणि कितीही घासला तरी लपत नाहीं. म्हणजे शिकणारा महिनाभर खपून जें साधतो तें चुकीच्या घाटाची सफाई! स्वस्त संचांत चापाकडे तर फारच बारकाईनें पाहावें. चकमकीच्या बंदुकींत गार पोलादी पट्टीवर आपटून ठिणग्या रंजकावर पडावयाच्या असतात. कमानींचा जोर कमी पडला किंवा पट्टीस पाणी नीट दिलेलें नसलें तर बंदूक दिसेल सुबक, पण उडणार नाहीं. चाप हलका असेल तर बाकीचें सामान कितीही चांगलें असो, तो संच टाकावा.

याच्या उलट टोकास जिम किब्लर यांचे ओहायोंतील संच आहेत. यांतील कुंदा संगणकानें चालणाऱ्या यंत्रावर इतका नेमका कोरलेला असतो कीं, नळी व चाप आपापल्या खांचेंत जवळजवळ जशींच्या तशीं बसतात. कांहीं जुने जाणते यावर नाक मुरडतात : सारें यंत्रानें केल्यावर कारागिरी उरली कोठें? प्रश्न रास्त आहे, पण नवशिक्याच्या बाबतींत तो आम्हांस मान्य नाहीं. फुगीर-निमुळत्या अष्टकोनी नळीची खांच हातानें खोदणें हें कसलेल्या माणसाचें काम; तेथें बिघडलेला कुंदा पुनः भरून येत नाहीं. शिवाय नवशिक्याचा ठरलेला दोष म्हणजे लांकूड काढावयास भिणें; त्याच्या हातची पहिली बंदूक ओंडक्यासारखी जाड होते. घाट आधींच बरोबर मिळाला म्हणजे घासतां घासतां त्याच्या बोटांस तो कळूं लागतो. किंमत हजार डॉलरांच्या वर जाते खरी. तरी यांतील 'सदर्न माउंटन' नांवाची साधी, नक्षी नसलेली रायफल आम्ही नवशिक्यासाठीं पहिली निवडूं.

तथापि अशी एक बंदूक पुरी करून कोणी जुन्या कारखान्यांविषयीं सिद्धांत मांडूं लागला तर तो आम्ही स्वीकारणार नाहीं. लोखंडाची पट्टी तापवून सळईभोंवतीं वळविणें, ती सांधून नळी करणें, पोखरणें, आटे पाडणें, यांतलें एकही काम संच घेणाऱ्याच्या हातून झालेलें नसतें. तें पाहावयाचें तर विल्यम्सबर्ग येथील वॉलेस गस्लर यांच्या कामाचा १९६९ चा चित्रपट पाहावा.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्रकायद्याप्रमाणें ठासणीची बंदूकही परवान्यावांचून करतां येत नाहीं. तेव्हां येथील वाचकांस खरेदीचा प्रश्न सहसा पडणार नाहीं. पण तोडा, रंजक, कान हे शब्द दप्तरांत वाचून जे पुढें जातात, त्यांनीं बंदुकीचा एकेक भाग कोठें बसतो व कशासाठीं, हें एकदां तरी समजून घ्यावें.

राहतां राहिली एक सूचना. जुनाट दिसावी म्हणून नवी बंदूक मुद्दाम काळवंडविण्याची चाल या छंदांत आहे. कर्ता गेल्यावर अशी वस्तु लिलावांतून फिरत एखाद्या संग्रहालयांत 'अस्सल' म्हणून बसूं शकते. यास्तव संच कोणताही घ्या, नळीच्या खालच्या अंगास, कुंद्यांत झांकलें जाईल त्या ठिकाणीं, करणाऱ्याचें नांव, सन व संच विकणाऱ्याचें नांव कोरून मगच ती कुंद्यांत बसवावी.