कथाकाराच्या घरचे कोश

कथाकाराच्या घरी ग्रंथ थोडे असले तरी चालतील. कोश मात्र हवेत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. तो शब्दाचे मूळ सांगतो, म्हणी व वाक्प्रचारही देतो. जुन्या काळावर लिहिणाऱ्यास तो आजही अपरिहार्य आहे. दाते-कर्वे यांचा सात विभागांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२-३८) त्यास पूरक ठरतो.

तथापि वसईच्या सामवेदी वा वाडवळ आजीचे बोलणे या कोशांतून उभे राहत नाही. पुस्तकी मराठी बोलणारी आजी हा आपल्या कथांचा जुनाच दोष. म्हणून तिसरा कोश आपणच सिद्ध करावा: वडीलधाऱ्यांच्या तोंडचा शब्द, तो कोणी, कोणत्या प्रसंगी उच्चारला, याची वही. ती पिढी सरल्यावर हा कोश कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही.