मावशीला पत्र, पतीला हिशेब

संत पौलाच्या पत्रांपैकी फिलेमोनाला लिहिलेले पत्र सर्वांत आटोपशीर आहे. घरातून निघून गेलेल्या अनेसिम नावाच्या गुलामाला त्याच्या धन्याकडे परत पाठवताना पौलाने ते बंदिवासातून लिहिले. त्यात तो अनेसिमला आपले लेकरू म्हणतो, धन्याने त्याला भाऊ मानून घरात घ्यावे अशी विनंती करतो, आणि त्याच दमात, त्याचे काही देणे लागत असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, असेही स्वहस्ते लिहून देतो. नाते आणि खाते यांची अशी सरमिसळ इतक्या थोड्या ओळींत क्वचितच सापडेल. मिस्सेत दर रविवारी पत्रे ऐकून ऐकून पत्र म्हणजे उपदेश अशी आपली समजूत झाली आहे. वस्तुतः पत्र लिहिणाऱ्याने आधी कुणाकडे तरी काहीतरी मागितलेले असते.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचा पत्रव्यवहार वाचताना आम्हांला फिलेमोनाची वारंवार आठवण झाली. कॅरोलिन हीली डॉल या अमेरिकन लेखिकेने 1888 साली बॉस्टनहून प्रसिद्ध केलेले इंग्रजी चरित्र, काशीबाई कानिटकरांनी त्यानंतर मराठीत लिहिलेले चरित्र, अंजली कीर्तने यांचा साक्षेपी ग्रंथ, आणि मीरा कोसंबी यांच्या निधनानंतर 2020 मध्ये प्रकाशित झालेले त्यांचे इंग्रजी पुस्तक, या मार्गांनी ही पत्रे आपल्यापर्यंत आली आहेत. मराठी वाचकाच्या मनात मात्र आनंदीबाई वसते ती श्री. ज. जोशी यांच्या 1968 सालच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीतून. कादंबरी उत्तम आहे, याविषयी आमचे दुमत नाही. पण तिने पत्रांना झाकून टाकले, हेही खरे. कादंबरीत पत्नी पतीच्या हट्टाची मूर्ती म्हणून घडत जाते. पत्रांत ती स्वतःच लेखणी घेऊन बसलेली आहे.

ह्या पत्रव्यवहाराचा आरंभ एका अर्जाने होतो. गोपाळराव जोशी हे टपालखात्यातील कारकून. (पत्रावर एवढा भरवसा टपालखात्यातील माणूसच ठेवू शकतो, असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे.) 1878 साली कोल्हापुरात असताना त्यांनी रेव्हरंड रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहून, पत्नीला शिक्षणासाठी अमेरिकेस नेता येईल काय आणि स्वतःला तेथे काही काम मिळेल काय, अशी विचारणा केली. वाइल्डर हे 1846 साली अहमदनगरास आलेले आणि 1852 पासून कोल्हापुरास काम केलेले मिशनरी. ज्या अमेरिकन मराठी मिशनमधून त्यांनी आरंभ केला, त्याच मिशनने पुढे आमच्या सोलापुरातही शाळा काढल्या. ते तेव्हा प्रिन्स्टन येथून ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे नियतकालिक चालवीत होते. गोपाळरावांचे पत्र त्यांनी त्यात छापले, सोबत उत्तरही छापले. उत्तराचा रोख असा की, आधी ख्रिस्ताचा स्वीकार करावा, मग पाहू.

हे मिशन प्रॉटेस्टंट होते, तेव्हा ह्या उत्तराचा दोष आपल्या माथी येत नाही, असे म्हणून कॅथलिक वाचकाने पुढे जाणे आम्हांला मान्य नाही. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा आपल्या पणजोबांनी ऐकला आहे, आणि तो खोटा ठरविण्यात आपल्या तीन पिढ्या खर्ची पडल्या. त्या टोमण्याचे मूळ अशाच एखाद्या सौजन्यपूर्ण पत्रोत्तरात असू शकते, हे आपण कधी पाहिले काय? वाइल्डर दुष्ट नव्हते. त्यांच्या लेखी श्रद्धा ही सर्वांत मोठी देणगी होती आणि ती त्यांनी प्रामाणिकपणे देऊ केली. पण मदत मागणाऱ्यापुढे देणगी अट म्हणून ठेवली की ती देणगी उरत नाही. पौलाने अनेसिमच्या बाबतीत नेमके उलट केले. आधी त्याने देणे आपल्या नावावर घेतले.

न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर ह्या गृहिणीच्या हाती ‘मिशनरी रिव्ह्यू’चा तो अंक 1880 साली पडला, तोही रॉवे येथील दंतवैद्याच्या खोलीत, पाळी येईपर्यंत चाळता चाळता. त्यांनी घरी येऊन थेट पत्र लिहिले. कार्पेंटरबाई कोणत्या मंडळाच्या अध्यक्षा नव्हत्या, त्यांच्या हाती कोणता निधी नव्हता. त्यांनी अट घातली नाही. आपले घर देऊ केले.

तेव्हा आनंदीबाई पंधरा वर्षांच्या होत्या. नवव्या वर्षी विवाह, त्यानंतर चारेक वर्षांत झालेले मूल दहा दिवसांत गेले होते. ह्या मुलीने पुढची तीन वर्षे, कधीही न पाहिलेल्या बाईला, परक्या भाषेत, जी पत्रे लिहिली ती आमच्या मते एकोणिसाव्या शतकातील मराठी माणसाने लिहिलेल्या उत्तम गद्यापैकी आहेत. ती इंग्रजीत आहेत एवढाच काय तो आक्षेप. सणवार, बायकांचे आजार, लग्नाच्या चाली, धर्म, सगळे त्यांत येते. ‘मावशी’ हे संबोधन ह्याच पत्रव्यवहारात रुजले. मराठीत मावशी म्हणजे आईची सावली. तिच्याशी बोलताना मर्यादा असते, पण भीती नसते. आनंदीबाईंनी हे नाते शोभेसाठी वापरलेले नाही. कलकत्त्याच्या मुक्कामी त्यांची प्रकृती ढासळली, डोकेदुखी, ताप, धाप यांनी त्या बेजार झाल्या, तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे धाडली. औषधांचा गुण आला नाही. परंतु पार्सल आले, हे महत्त्वाचे.

आणि तरी ह्या पत्रांत एक गोष्ट जवळजवळ नाही: नवरा. गोपाळराव येतात ते उदार, पुढारलेले पती म्हणून. घरात काय घडत होते ते मावशीला कळू दिलेले नाही. पत्रांची प्रशंसा करणारे टीकाकार ह्या मौनाकडे दुर्लक्ष करतात, हे आम्हांला खटकते. माहेरी गेलेली मुलगी सासरचे बोलत नाही, तीच ही रीत. मावशीचे घर माहेर झाले होते याचा त्याहून मोठा पुरावा कोणता?

हिशेब आहे तो पतीला लिहिलेल्या पत्रांत. 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूर कॉलेजात जाहीर भाषण करून, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असे सांगून, दागिने विकून उभारलेल्या पैशावर आनंदीबाई 7 एप्रिलला कलकत्त्याहून निघाल्या. जहाजावरच्या सहप्रवासी मिशनरी स्त्रियांनी धर्मावरून त्यांना पुरेसा मनस्ताप दिला. 4 जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कार्पेंटरबाई उभ्या होत्या. ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण सुरू झाले. तेथून गोपाळरावांना गेलेली मराठी पत्रे वाचताना पत्नी पतीशी बोलते आहे असे वाटतच नाही. एखाद्या पेढीच्या दूरच्या शाखेने मुख्य कचेरीस जाब द्यावा तशी ती आहेत: काय खाल्ले, काय नेसले, कुणाशी बोलले, आरोप कोणता, उत्तर कोणते. मुख्य कचेरी संशयी आहे. तिला दर डाकेला खुलासा हवा असतो.

ह्या मालिकेतील एक पत्र सर्व अभ्यासकांनी अधोरेखित केले आहे. आपण मला वागविले ते चांगले की वाईट, ह्या प्रश्नाचे उत्तर आनंदीबाई त्यात देतात. उत्तर दुहेरी आहे. शेवटच्या उद्दिष्टाकडे पाहिले तर योग्य, आणि बालमनावर होणाऱ्या परिणामाकडे पाहिले तर अयोग्य. पुढे त्या वर्षावार नोंदी देतात: दहाव्या वर्षी कोणता मार, बाराव्या वर्षी सोडून जाण्याची कोणती धमकी, चौदाव्या वर्षी काय. आवाज चढलेला नाही, विशेषणे नाहीत. जमाखर्चाच्या वहीत असते तशी तारीखवार मांडणी आहे, आणि शिल्लक काढण्याचे काम वाचणाऱ्यावर सोडले आहे. मराठी स्त्रीने नवऱ्याला लिहिलेले इतके शांत आणि इतके भयंकर पत्र आम्ही दुसरे वाचलेले नाही. कादंबरीतल्या संवादांना ही धार आलेली नाही.

म्हणजे घरगुती पत्र परक्या घरी गेले, आणि स्वतःच्या घरी गेला तो हिशेब. ही उलटापालट हाच आमच्या मते ह्या पत्रव्यवहाराचा गाभा आहे. आनंदीबाईंच्या विचारांत विसंगती आहेत हे आम्ही नाकारीत नाही. ज्या मुलीने बालविवाहाचे घाव सोसले तिनेच अमेरिकन श्रोत्यांपुढे त्या चालीची बाजू घेतली, तेव्हा तिच्या हितचिंतकांनाही धक्का बसला. पण परक्या सभेत घरची लाज झाकणारी आणि पतीच्या पत्रात त्याच घरचा जमाखर्च मांडणारी बाई एकच आहे, हे पत्रे शेजारी शेजारी ठेवली की उमगते. एकेकटी वाचली तर ती एकीकडे भाबडी आणि दुसरीकडे कठोर वाटते.

आम्ही सोलापूरकरांना परदेशातून येणारे पत्र म्हणजे काय हे वेगळ्या वाटेने ठाऊक आहे. भैय्या चौकातल्या ज्या घरात डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1910 साली जन्मले तेथे आता त्यांचे स्मारक आहे. 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला गेले. वडील वारल्याची वार्ता त्यांना तिकडेच मिळाली, आणि परत जाण्याचा सल्ला न मानता ते येनानकडे पुढे निघाले. 9 डिसेंबर 1942 रोजी तिकडेच त्यांचा अंत झाला. दोघेही डॉक्टर, दोघेही अल्पायुषी. पण कोटणीसांच्या मागे एक आख्खे घर उभे होते, बातमी देणारे आणि बातमीची वाट पाहणारे. आनंदीबाईंना पत्र लिहिण्याजोगे घर आधी पत्रांनीच बांधावे लागले.

11 मार्च 1886 रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. रमाबाई बाप्तिस्मा घेतलेल्या, आनंदीबाई हिंदूच राहिलेल्या. आपल्या नियतकालिकांतून ह्या दोघींची नावे बहुधा ‘लाभलेली’ आणि ‘हुकलेली’ अशा हिशेबाने घेतली जातात. पत्रे वाचल्यावर ही भाषा तोंडात येऊ नये. कार्पेंटरबाईंच्या घरी कोण लाभले आणि कोण हुकले याची वही नव्हती. गोपाळरावांनी पुढे 1891 साली बाप्तिस्मा घेतला आणि नंतर प्रायश्चित्त करून ते परतही गेले. त्या आधीच्याच वर्षी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये सुधारकांना चहा पाजून त्यांची नावे वृत्तपत्रात देण्याचा उपद्व्यापही त्यांचाच. धर्म त्यांच्या हाती नेहमीच दुसऱ्याला डिवचण्याचे साधन राहिला. आनंदीबाईंच्या पत्रांत तो तसा एकदाही दिसत नाही.

मराठी वाचकाची अडचण अशी की मावशीला लिहिलेली पत्रे मूळ इंग्रजीत, पतीला लिहिलेली मराठीत, आणि इंग्रजी पुस्तकात मराठी पत्रांचे भाषांतर. दोन्ही सूर आपापल्या मूळ भाषेत समोरासमोर छापलेली आवृत्ती कुणी काढील तर वरील विवेचनातील पुष्कळसा भाग अनावश्यक ठरेल. वाचकाला ते स्वतःच दिसेल. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील नेमणूक हाती असताना, तेथे रुजू होण्यापूर्वीच, 26 फेब्रुवारी 1887 रोजी आनंदीबाई पुण्यात वारल्या. वय बावीसही पूर्ण नव्हते. गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे धाडली, आणि न्यूयॉर्क प्रांतातील पकीप्सी येथे कार्पेंटर घराण्याच्या दफनभूमीत, त्या घरच्या माणसांच्या ओळीत, तिला जागा मिळाली.