‘ऑफसेट काढला’ एवढ्यावर भागत नाही

मोटर कंट्रोलच्या पेपरांत रोटरच्या कोनाच्या कॅलिब्रेशनला पुष्कळदा एकच वाक्य मिळतं: ‘डीसी करंट सोडून रोटर जागेवर आणला, सेन्सरचा ऑफसेट नोंदवला.’ पुढची सगळी पानं नव्या अल्गोरिदमची. माझा आक्षेप या वाक्यालाच आहे, कारण पुढचे सगळे ग्राफ त्याच्यावर उभे असतात.

आधी एक फरक लक्षात घ्या. लोणंद स्टेशनवरून जाणाऱ्या विजेच्या इंजिनात, म्हणजे डब्ल्यूएजी-९ सारख्यात, इंडक्शन मोटर असते. तिच्या रोटरला ठरलेले ध्रुव नसतात, म्हणून वेगाचा सेन्सर पुरतो. सालपे घाट चढणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरमध्ये मात्र रोटरवर कायमचे चुंबक असतात. तिथे कोन नेमकाच लागतो. शिवाय ध्रुवांच्या ४ जोड्या असतील, तर सेन्सर बसवताना झालेली १ अंशाची चूक विद्युत कोनात ४ अंश होते.

आता पेपरातला नेहमीचा बचाव बघा: ‘१० अंश चुकले तरी टॉर्क फक्त दीड टक्का घटतो.’ बरोबर आहे, कोसाइन तेच सांगतो. पण साइन कुठे गेला? १० अंशांचा साइन ०.१७. म्हणजे सुमारे १७ टक्के करंट टॉर्क न देता फ्लक्सच्या अक्षावर जातो. चढताना तो फ्लक्स कमी करत असेल, तर उतारावर मोटरनेच ब्रेक लावताना तोच वाढवतो. जास्त वेगात व्होल्टेज आधीच काठावर असतं, फटका तिथे बसतो. फक्त टॉर्कचा आकडा दाखवणारा पेपर हे झाकतो.

दुसरी गोष्ट, रोटर जागेवर येत आला की त्याला ओढणारा टॉर्क शून्याकडे जातो आणि घर्षण त्याला अलीकडेच अडवतं. दोन्ही दिशांनी आणून सरासरी घेतली का, हे पेपरात शोधा. कॉगिंगची चूक त्यानेही जात नाही.

तिसरी गोष्ट उशिराची. ६००० आरपीएम आणि ४ जोड्या म्हणजे विद्युत वारंवारता ४०० हर्ट्‌झ. सेन्सर वाचण्यापासून व्होल्टेज लागेपर्यंत १०० मायक्रोसेकंद गेले, की रोटर १४.४ अंश पुढे सरकलेला असतो. उभ्या मोटरवर काढलेला ऑफसेट इथे काय कामाचा? ही चूक वेगासोबत वाढते, तिची भरपाईही वेगानुसारच करावी लागते.

हळू चालणाऱ्या पंख्याला ते एक वाक्य चालेल, तिथे मी वाद घालणार नाही. पण पेपर जास्त वेगाचा दावा करत असेल, तर एवढी चाचणी मागाच: मोटर दुसऱ्या मोटरने फिरवायची, दोन्ही अक्षांवरचा करंट शून्य ठेवायचा आणि डी-अक्षावरचं व्होल्टेज बघायचं. कोन बरोबर असेल तर तेही शून्याजवळ राहतं. वेगवेगळ्या वेगांना, दोन्ही दिशांना घेतलेला हा एक ग्राफ दिसला, तरच पुढचं पान उलटा. आणि स्वतःच्या सिनॉप्सिसमध्ये तो ग्राफ पहिल्या प्रकरणातच टाका. गाईडने विचारायची वाट बघू नका.