परतीचा टाका

जुन्या वस्त्रालंकारांची पुनर्निर्मिती करणाऱ्यांची दृष्टी बहुधा नमुन्यावर खिळते. टाका दुय्यम ठरतो. बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात बाळाची कुंची मराठी घरात जितकी कौतुकाची, तितकीच कानडी घरात 'कुंचिगे' म्हणून. तिच्यावर कसुती भरण्याची हौस स्तुत्यच होय. परंतु भरलेली प्रत्येक वस्तू कसुती ठरत नाही.

कसुतीचे माहेर धारवाड-हुबळीकडचे. २००६ साली तिला भौगोलिक मानांकन लाभले. गवंती, मुरगी, नेगी व मेंथी या तिच्या चार टाक्यांपैकी पहिल्या दोहोंत वस्त्राची उलट-सुलट बाजू एकरूप दिसते. गवंतीत सुई धागे मोजीत, एकाआड एक घर सोडीत जाते आणि परतताना सोडलेली घरे भरून काढते. कापडावर आराखडा रेखावयाचा नाही, गाठ मारावयाची नाही. म्हणून निघतानाच परतीची वाट ठाऊक असावी लागते.

युरोपात हाच टाका हॉल्बाइन या चित्रकाराच्या नावाने ओळखला जातो. त्याने १५३६-३७च्या सुमारास रंगविलेले राणी जेन सीमोरचे चित्र व्हिएन्ना येथे आहे. तिच्या मनगटावरील शुभ्र झालरीवर काळ्या धाग्याचा कशिदा दिसतो. झालर दोन्ही अंगांनी दिसावयाची, म्हणून टाकाही दोन्ही अंगांनी देखणा. आमच्याकडे चंद्रकळेच्या काळ्या पोतावर रंगीत रेशीम. रंग उलटले तरी न्याय एकच. यावरून कोणी कोणाचे उचलले, असे मात्र ठरत नाही. धागे मोजणारे हात स्वतंत्रपणेही त्याच वाटेला लागू शकतात.

कसुतीच्या नावाने आज यंत्राची भरतही विकली जाते. गोपुर, हत्ती, तुळशीवृंदावन सारे जागच्या जागी असते. वस्त्र उलटताच मात्र दोऱ्यांचा गुंता दिसतो, नाही तर तो झाकणारे अस्तर. परतीचा प्रवास म्हणजे निम्मे श्रम. तो वगळून वस्तू स्वस्त होते, आणि हाताने भरणाऱ्या बाईची मजुरी त्याच स्वस्ताईशी तोलली जाते, हा खरा अन्याय होय.

हा निकष याच भागातील तांड्यांवरच्या लंबाणी भरतकामास लावू नये. आरसे, कवड्या व जाड टाके यांचे त्याचे शास्त्र निराळे आहे. कसुतीची कुंची हाती आली, तर मात्र वाचकांनी ती आधी उलटून पाहावी आणि मगच किंमत विचारावी.